आर्डिसचं निळं भांडं

आर्डिस टोलेफसनचा मला हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही माझ्यात भलेपणा शोधत बसाल आणि तुमचा वेळ जाईल. तिचं नाव कोणी कौतुकाने काढलं की माझ्या हातातली कॉफी कडू लागायची. अशी वीस वर्षं काढली मी.

आता ही आर्डिस म्हणजे कोणी मोठी बाई असेल असं वाटेल. ती होती आमच्या गावच्या शाळेतली स्वयंपाकीण. एकतीस वर्षं पोरांच्या ताटात कुस्करलेला बटाटा वाढला तिने. गावातला निम्मा चाळिशीपुढचा माणूस तिच्या हातचं खाऊन मोठा झालेला. वय चौऱ्याहत्तर, अंगात बारा महिने तोच तपकिरी कोट, पायात स्वयंपाकघरातले पांढरे जाड तळव्यांचे बूट. नवरा ऑर्व्हल गाई पाळायचा. सहा वर्षांपूर्वी त्याची उजवी बाजू गेली आणि तो काउंटीच्या वृद्धाश्रमात दाखल झाला, गावाच्या टोकाला, दाण्याच्या कोठाराशेजारी. रोज अकराच्या ठोक्याला आर्डिस तिथे हजर. त्याला भरवायची, तोंड पुसायची, आणि एक वाजता बाहेर पडून आमच्या पक्षाच्या कामाला लागायची.

आणि मी, लायल हॉकिन्सन. चाळीस वर्षं बी-बियाणं आणि गुरांची पेंड विकली. बोलण्यात मला कोणी हरवलेलं नाही. ज्याला नांगर धरता येत नाही त्यालाही मी बियाण्याची पोती विकलीत. असं असताना, कोण मत देणार आणि कोण देणार नाही हे माझ्याआधी आर्डिसला कळावं?

आमच्या काउंटीत पक्षाची एक जुनी रीत आहे. राष्ट्राध्यक्षाच्या दोन निवडणुकांच्या मधली जी निवडणूक येते, तिच्या आधीच्या शनिवारी सगळे कार्यकर्ते अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवायला जमतात. आपापल्या घरून काही ना काही करून आणतात. जेवण झालं की प्रत्येक जण एका चिठ्ठीवर आकडा लिहितो: आपला आमदार किती मतांनी येईल किंवा पडेल. चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडतात आणि निकालानंतर उघडतात. ज्याचा आकडा सगळ्यात जवळ, त्याचं नाव कचेरीतल्या लाकडी फळीवर कोरतात. फळीवर सात नावं आहेत. पाच आर्डिसची. एक एका मेलेल्या माणसाचं, एक कोणा पाहुण्याचं. माझं एकही नाही. आणि ती फळी दर वसंतात तेलपाणी करून चकचकीत कोण ठेवतं? मी.

आठ वर्षांपूर्वी न राहवून मी तिला विचारलंच. तिच्याच स्वयंपाकघरात बसलो होतो.

"आर्डिस, खरं सांग, तुला आधी कसं कळतं? कोणाला फोन करतेस?"

"फोन कशाला? दारं वाजवते, तू वाजवतोस तशीच."

"मग माझा आकडा का चुकतो?"

तिने माझ्याकडे बघितलं, पोरगं ताटात भाजी टाकून उठलं की बघायची तसं. "तू लोकांचं बोलणं ऐकतोस ना, म्हणून. अरे, आपल्याकडे तोंडावर नाही कोण म्हणतं? दारात सैतान आला तरी त्याला 'आत ये, थंडी आहे' म्हणतील."

"मग ऐकायचं नाही तर काय करायचं?"

"हातात काय देतात ते बघायचं. दारात आलेल्याला आपल्याकडे रिकामं कोणी पाठवत नाही. पण ज्या बाईला मी परत यायला हवी असते, ती वड्या स्वतःच्या भांड्यात घालून देते. खाली चिकटपट्टीवर तिचं नाव असतं. भांडं द्यायला मला परत जावंच लागतं. जिला मी नको असते, ती कागदी प्लेटमध्ये देते. वर म्हणते, 'प्लेट परत आणायची तसदी घेऊ नका हं.' झालं. किती गोड बोलली, किती वेळ हात हातात धरला, याला काही अर्थ नाही."

मी खो खो हसलो. मला वाटलं, म्हातारी खरं गुपित लपवतेय आणि मला प्लेटांच्या गोष्टी सांगतेय. तेव्हा समोर टेबलावर तिचं निळं एनॅमलचं भांडं होतं, एका कानाचा टवका उडालेलं, खाली चिकटपट्टीवर 'आ. टोलेफसन'. ते भांडं तीस वर्षं तिच्या आणि आमच्या घरात फिरत होतं. ती त्यातून भोपळ्याच्या वड्या पाठवायची, माझी बायको मार्सिया त्यातून ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश परत पाठवायची. ते कधी रिकामं फिरलं नाही. तेव्हा मला ते साधं भांडं वाटत होतं.

यंदाची गोष्ट वेगळी होती. वॉशिंग्टनात राष्ट्राध्यक्ष समोरच्या पक्षाचा, म्हणजे मधल्या वर्षी लोक त्यांच्यावर राग काढणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. आमच्या राज्याच्या सभागृहात आमच्या दोन जागा कमी होत्या. दोन आल्या की सभागृह आमचं. पेपरवाले, टीव्हीवाले, राजधानीतले पक्षाचे लोक, सगळे बोट ठेवून सांगत होते: एक जागा दक्षिणेतली आणि दुसरी तुमची. आमची उमेदवार कर्स्टन, आडनाव आल, गुरांची डॉक्टर. अर्ध्या काउंटीच्या गाईंची वासरं तिने ओढून काढलेली. यापेक्षा चांगला उमेदवार मागूनही मिळाला नसता.

आणि त्या दोन जागांवर एक विधेयक अडलं होतं. काउंटीचे वृद्धाश्रम बंद पडू नयेत म्हणून राज्याने त्यांचा भार उचलायचा. समोरचे दोन वर्षं ते दाबून बसले होते. आमच्याकडचा आश्रम वसंतात बंद करायचा विचार चाललाय, हे काउंटीच्या मंडळाने आधीच बोलून दाखवलं होतं. बंद झाला तर ऑर्व्हलला नव्वद मैलांवर हलवावं लागणार होतं. आर्डिस रात्री गाडी चालवत नव्हती, आणि बर्फात तर दिवसाही नाही. तिच्यासाठी सभागृह म्हणजे तेच: रोज अकरा वाजता नवऱ्याला भरवता येणं. ती हे कोणाला बोलली नाही. पण सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

यंदा घरोघरच्या प्रचाराचा प्रमुख मला केलं. राजधानीतली डेब्रा म्हणून बाई रोज फोन करायची. काम असं: प्रत्येक मतदाराच्या नावाचं कार्ड, आणि भेटून आल्यावर त्यावर एक ते पाचपैकी आकडा. एक म्हणजे पक्का आपला. पाच म्हणजे पक्का त्यांचा. तीन म्हणजे अजून काठावर. गाव मी घेतलं, बाहेरच्या तीन वाड्या आर्डिसने.

मी सप्टेंबरपासून गावातली सगळी दारं वाजवली. काय स्वागत झालं माझं! "अरे लायल, ये ना!" "कर्स्टनबद्दल चांगलंच ऐकलंय हं!" "बघू या, नक्की विचार करू!" मी कार्डावर एक, एक, एक ओढत सुटलो. आठवड्याच्या शेवटी डेब्रा फोनवर म्हणाली, "लायल, तुमच्या याद्या म्हणजे सोनं आहे. सगळ्या राज्यात असे आकडे कुठे नाहीत." पक्षाचं निळं जाकीट मला टपालाने आलं. मी ते घालून उगाचच दोनदा बाजारात गेलो.

आर्डिसची कार्डं यायची ती तिनांनी भरलेली. तीन, तीन, चार, एखादा दोन, पुन्हा तीन. डेब्राने विचारलं, "या टोलेफसनबाईंच्या वाड्या इतक्या कच्च्या का?"

आणि मी म्हणालो, "वय झालंय हो त्यांचं. माणसं ओळखायला चुकतात."

हे वाक्य माझ्याच तोंडून आलं. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्या आठवड्यात मार्सिया कचऱ्याची पिशवी बांधताना कुरकुरली, "या कागदी प्लेटा पुरे झाल्या आता. डबा दोन दिवसांत भरतो. या गावात तुला कोणी धड भांड्यात काही देत नाही का?"

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हाही मला आठवलं नव्हतं असं म्हणणार होतो, पण आठवलं होतं. मला सगळं आठवलं होतं. एवढंच, की आर्डिसचं खरं ठरावं हे मला नको होतं.

शेवटचा शनिवार उजाडला. हरणाच्या शिकारीचाही पहिलाच शनिवार. पुरुष नारिंगी टोप्या घालून पहाटेच रानात गेलेले, बायका घरी. आर्डिसच्या मते दारं वाजवायला वर्षात यापेक्षा चांगला दिवस नसतो. शहरातून बावीस कार्यकर्त्यांची बस येणार होती, आणि ती कुठे पाठवायची हे मी ठरवायचं होतं.

सकाळी आठला आर्डिस माझ्या दारात. हातात बुटांचं खोकं, निळ्या लोकरीच्या धाग्याने बांधलेलं.

"लायल, ही दोनशे बारा कार्डं. सगळी घरं मी पुन्हा फिरले. आजच संगणकात घाल. आणि बस मला दे."

"आर्डिस, बस शेजारच्या काउंटीला मागतायत. आपली जागा पक्की आहे."

"पक्की नाही. वाड्यांमध्ये बरोबरीचं आहे. काठावरच्या बायका मंगळवारी मतदानाला घराबाहेर पडतील की नाही, सगळं त्यावर आहे. आज कोणी जाऊन दोन शब्द बोललं तर पडतील. मी एकटी किती पुरणार?"

"गावात माझे नऊशे आहेत, सगळे एक नंबरचे. वाड्यांत थोडं कमी पडलं तरी गाव भरून काढेल."

ती माझ्या नव्या जाकिटाकडे बघत राहिली. मग सावकाश म्हणाली, "त्या नऊशे जणांच्या घरांतून भांडी किती आली तुझ्याकडे?"

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. एकही नव्हतं. एक चमचासुद्धा परत करायचा नव्हता मला त्या गावात.

"सगळीकडे तुझी भांडी चालत नाहीत, आर्डिस," मी म्हणालो. आवाज चढला माझा. "जग पुढे गेलंय. याद्या आहेत, आकडे आहेत. राजधानीतले लोक काय वेडे आहेत?"

"तसं म्हणाले का मी? खोकं तेवढं बघ. ऑर्व्हलला भरवायला उशीर होईल, जाते." पायरी उतरताना ती थांबली. "मार्सियाला सांग, भोपळे चांगले आलेत यंदा."

ती गेल्यावर मी खोकं उघडलं नाही. डेब्राला ती दोनशे बारा कार्डं दिसली असती, तर माझ्या आकड्यांकडेही तिने नव्या नजरेने बघितलं असतं. आणि आर्डिसचं खरं निघालं असतं, तेही माझ्या हाताखाली, माझ्या वर्षात. मी खोकं गॅरेजमध्ये नेलं आणि बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांमागे ठेवलं. नऊ वाजता डेब्राचा फोन आला.

"लायल, शेवटचं विचारते. तुमच्याकडे पक्कं ना? तसं असेल तर बस तिकडे वळवते."

"पक्कं," मी म्हणालो.

संध्याकाळी हॉलमध्ये जेवण झालं. मी चिठ्ठीवर सहाशेने विजय लिहिला आणि सगळ्यांना सांगून टाकला. टाळ्या पडल्या. आर्डिसने आपली चिठ्ठी दोनदा दुमडून डब्यात टाकली आणि ती भांडी घासायला आत गेली. कॉफी पिता पिता कोणीतरी म्हणालं, "आर्डिस, यंदा फळीवर लायलचं नाव लागणार बरं का!" ती आतून म्हणाली, "लागू दे की. लागलंच पाहिजे." हे ती मनापासून म्हणाली होती. मला तेवढंसुद्धा सहन झालं नाही.

मंगळवारी मतदान झालं. बुधवारी सकाळी कॅफेत रेडिओ लावलेला होता. दक्षिणेतली जागा आमच्याकडे आली. कर्स्टन एक्केचाळीस मतांनी पडली. सभागृहात आम्ही एका जागेने कमी, म्हणजे विधेयक जिथे होतं तिथेच राहिलं. माझ्या गावात, जिथे माझे एक नंबरचे नऊशे होते, तिथे आमच्या बाजूने सहाशेही पडली नाहीत. हातात हात घेऊन ज्यांनी मला लिंबाच्या वड्या दिल्या होत्या, त्या बायका कॅफेत माझ्या टेबलाशी थांबून म्हणाल्या, "अरेरे, वाईट झालं हं, लायल." अगदी तशाच गोड आवाजात.

दुपारी डबा उघडला. सगळ्या चिठ्ठ्यांवर विजय होता: दोनशे, चारशे, माझे सहाशे. आर्डिसच्या चिठ्ठीवर होतं, 'पन्नासने पडू.' आमच्या काउंटीतले पक्षाचे अध्यक्ष म्हणाले, "आर्डिस, फळीवर..."

"नका लिहू," ती म्हणाली. "यंदा नको."

पुढच्या आठवड्यात काउंटीच्या मंडळाने ठरवलं: आश्रम एप्रिलमध्ये बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी आर्डिस माझ्याकडे आली. मी गॅरेजमध्येच होतो.

"लायल, ते खोकं दे रे. कोणाकोणाची भांडी माझ्याकडे आहेत ते कार्डांच्या मागे लिहिलंय. जायच्या आधी सगळ्यांची परत करायला हवीत."

"जायच्या आधी?"

"ऑर्व्हलच्या नव्या आश्रमाजवळ खोली बघतेय. घर विकायला काढलं."

मी मिठाच्या पोत्यांमागून खोकं काढलं. काढताना माझी चूक माझ्या लक्षात आली, पण तोवर ते तिच्या हातात गेलं होतं. तिने वरचं मीठ झटकलं. निळ्या लोकरीची गाठ तिने मारली होती तशीच होती. तिने त्या गाठीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला.

"काम फार होतं गं शनिवारी," मी म्हणालो. "डेब्राचे फोन, बस..."

"असणारच."

"मी घालणार होतो..."

"हो ना." मग ती गॅरेजभर नजर फिरवून म्हणाली, "बरंच मीठ आणून ठेवलंयस. चांगलं केलंस. हिवाळा कडक आहे म्हणतात." आणि खोकं काखेत धरून निघून गेली.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. निदान आज तसं वाटतं. मी दुसरंच केलं. पहिला बर्फ पडला तेव्हा पहाटे जाऊन तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतचा सगळा बर्फ काढला, वर मीठ पसरलं. दुसरा पडला तेव्हाही. ती खिडकीतून हात करायची, हसायची. मी मार्सियाला म्हणालो, "आर्डिसच्या मनात काही नाही. रोज हात करते." मार्सियाला खोक्याचं मी सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "तिच्या मनात काय असायचंय? तूच काय ते बडबडतोयस."

डिसेंबरच्या मध्यावर, ती जायच्या दोन दिवस आधी, दुपारी बेल वाजली. दारात आर्डिस, तपकिरी कोटात, बुटांवर बर्फ. भोपळ्याच्या वड्यांचा वास आधी आत आला. मला इतकं बरं वाटलं की डोळेच भरून आले. म्हटलं, सुटलो.

"आत ये, आत ये, थंडी आहे!"

"नको रे, गाडी चालूच आहे." ती हसली, तिने माझा हात हातात घेतला आणि दाबला. "बर्फ काढलास त्याबद्दल आभार, लायल. फार केलंस. मार्सियाला माझा नमस्कार सांग. तब्येतीला जप हं."

"अगं, आम्ही येऊ ना तिकडे, ऑर्व्हलला भेटायला!"

"कशाला एवढ्या लांब," ती गोड आवाजात म्हणाली, वरून चांदीचा कागद लावलेल्या वड्या तिने माझ्या हातात दिल्या आणि ती पायऱ्या उतरली. गाडीचं दार उघडून ती वळली. "आणि ते परत द्यायची तसदी घेऊ नकोस."

गाडी गेली. मी तसाच दारात उभा. बोटांना गरम गरम लागत होतं, वजन काहीच नव्हतं, आणि खालचा कागद मधोमध थोडा वाकत होता.

मार्सिया हात पुसत आली. "आर्डिस होती ना? वास आला मला. दे इकडे, ओतून घेते. आणि तिचं निळं भांडं आजच घासून ठेवते, परवा जायच्या आधी हॉटडिश घालून देता येईल." तिने माझ्या हातांकडे बघितलं आणि ती थांबली.

"तिचं भांडं कुठाय?"

"नाही आणलं," मी म्हणालो.